जन्मठिकाणाचा नियम

तो नियम मी केला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको.

रहिमतपूरच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं खेळ शिकवते. मुलींना फुटबॉल शिकवायला लागले तेव्हा गावानं मला काय काय ऐकवलं ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही. "मास्तरीण पोरीस्नी चड्ड्या घालून पळवती" हे त्यातलं सगळ्यात सभ्य. तरी मी शिकवला. माझी एकुलती एक मुलगीही त्यात होती, गोलकीपर. चार वर्षांपूर्वी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची मुलींची व्यावसायिक लीग निघाली. चार संघ, खेळाडूंना महिन्याला मानधन, जेवण, राहायला खोली. मला वाटलं, चला, आपल्या पोरींचं नशीब उघडलं.

कसलं उघडतंय! पहिल्या वर्षी संघांनी मणिपूरच्या मुली आणल्या, केरळच्या आणल्या, हरियाणाच्या आणल्या. चांगल्या होत्या हो पोरी, त्यांना कशाला नावं ठेवू? पोटासाठी आल्या होत्या. पण आमच्या मुली राखीव म्हणून बाकावर. चौकाचौकात फ्लेक्स लागले, 'आपल्या मातीतल्या वाघिणी' म्हणून, आणि त्यावर फोटो आमच्या मुलींचे. मैदानात मात्र दुसऱ्याच. लोक आपल्या पोरी खेळणार म्हणून बघायला यायचे आणि मला विचारायचे, "बाई, आपली कुठली त्यातली?" मी बाकाकडं बोट दाखवायची. माझी मुलगी सगळ्या मोसमात अकरा मिनिटं खेळली. मी घड्याळ लावून मोजलीत.

मग मी भांडायला लागले. मला भांडता येतं, ते शिकवायला लागत नाही. लीगची समिती सांगलीत बसायची. मी आधी पत्रं पाठवली, मग स्वतःच जाऊन दारात उभी राहिले, शेवटी कंटाळून त्यांनी मलाच समितीत घेतलं. अकरा पुरुष आणि एक मी. अध्यक्ष म्हणजे मोठे बागायतदार, फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळायचं की हात लावायचा नसतो. बाकीचे त्यांच्या तोंडाकडं बघून मान हलवणारे. त्यात एक म्हातारे कोच होते, सांगलीच्या मैदानावर आयुष्य काढलेले, तेवढे एक खरे खेळातले.

दोन बैठका मी घसा कोरडा केला तेव्हा एवढं मान्य झालं: प्रत्येक संघाचे किमान चार स्थानिक खेळाडू सामनाभर मैदानात पाहिजेत. बाकावर नव्हे, मैदानात. त्या दिवशी मी एसटीत बसून घरी येताना एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं सुद्धा, "घरात काय कार्य हाय का?"

राहिला प्रश्न, स्थानिक म्हणजे कोण?

आता इथं मला ती दुसरी मुलगी सांगायला पाहिजे. तिचे आईबाप बीडकडून ऊस तोडायला आले आणि रहिमतपूरजवळ एका गुऱ्हाळावर कायमचे राहिले. मुलगी पहिलीपासून माझ्याच शाळेत. पाचवीत होती तेव्हा मी मुलींना चेंडू फेकत होते, तर ही बाजूला दप्तर घेऊन उभी. एक चेंडू तिच्या तोंडाच्या दिशेनं गेला आणि तिनं दप्तर न टाकता एका हातानं तो धरला. मी म्हटलं, "अगं बया!" आणि दुसऱ्या दिवशी तिला गोलात उभी केली. मीच केली. ती आणि माझी मुलगी जोडीनं वाढल्या. सकाळी सरावाला ती आमच्या घरावरून हाक मारायची, माझी मुलगी तिच्याकडं गूळ खायला जायची. आलटून पालटून गोलात उभ्या राहायच्या.

माझी मुलगी चांगली गोलकीपर होती. आई म्हणून नाही सांगत, शिक्षक म्हणून सांगते. पण ही वेगळीच होती. समोरची कुठं मारणार ते हिला आधी कळायचं, कसं ते मला आजही सांगता येणार नाही. दोघी आठवीत असल्यापासून मला ते माहीत होतं, आणि मी ते कधी तोंडातून काढलं नाही.

साताऱ्याच्या संघाला नव्या नियमामुळं गोलकीपर स्थानिक हवी होती, म्हणजे पुढं खेळायला बाहेरच्या मुली घेता येतात. बाकीच्या तीन संघांच्या जागा भरलेल्या. साताऱ्याचा कोच मला फोनवर म्हणाला, "म्याडम, तुमच्याकडच्या दोघी हायत्या. त्यातली एक घेतो. एकदा बघतो आणि सांगतो."

बघतो म्हणाला. म्हणजे संपलंच की! बघितल्यावर तो कुणाला घेणार हे शाळेतल्या शिपायानं सुद्धा सांगितलं असतं.

तिसरी बैठक झाली. कुणी म्हणालं, आधार कार्डावरचा पत्ता धरा. मी म्हटलं, काय उपयोग? गेल्या वर्षीच्या सगळ्या बाहेरच्या मुलींचे पत्ते क्लबनं महिन्याभरात बदलून घेतलेत, आधारप्रमाणं त्या सगळ्या साताऱ्याच्या लेकी आहेत. हे खरंच होतं. मग म्हातारे कोच सावकाश म्हणाले, "मग शाळा धरा. जी पोर हितं पाच वर्षं शाळा शिकली, ती हितली. चेंडूला पाय लावायला कुठं शिकली ते बघा, बाकी कशाला बघायचं?"

शहाणा माणूस. तो नियम झाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. दोघी स्थानिक ठरल्या असत्या आणि जिचा हात सरस तिला जागा मिळाली असती.

मी उभी राहिले. म्हटलं, "शाळेचे दाखले? सर, मी शाळेत नोकरी करते. दाखल्यावर काय वाट्टेल ते लिहून मिळतं. खोटं होत नाही ते एकच, जन्म. ज्या मुलीचा जन्म या दोन जिल्ह्यांत, ती स्थानिक. आणि शाळेचा दाखला नको, मूळ जन्मदाखलाच मागा."

असा काही आवाज लावला होता मी! 'आपली माती' काय म्हणाले, 'रक्त' काय म्हणाले. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला, "म्याडम बोलल्या ते खरं हाय." झालं, बाकीच्या माना हलल्या. म्हातारे कोच तेवढे माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी त्या दोघींना शाळेच्या सामन्यांत बघितलं होतं, कोण सरस ते त्यांना माहीत होतं.

हे मला बोलता बोलता सुचलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःलाच सांगत होते. खोटं आहे. आदल्या दिवशी शाळेत मी त्या मुलीचं नाव रजिस्टरात काढून बघितलं होतं. जन्मठिकाणाच्या रकान्यात बीड जिल्ह्यातलं गाव. माझ्या मुलीच्या नावापुढं, रहिमतपूर. बास, तेवढंच बघून मी रजिस्टर मिटलं आणि क्लार्कला म्हटलं, झालं माझं काम.

आता ऐका गंमत.

अर्जाची तारीख आली. मूळ जन्मदाखला जोडायचा होता. आमच्या ह्यांची फौजेतली काळी ट्रंक आहे, घरातले सगळे महत्त्वाचे कागद त्यात. हे पेन्शनीत आल्यापासून त्या ट्रंकेला तेच हात लावतात, पण त्या दिवशी ते रानात गेले होते. मुलगी आणि मी ट्रंक उघडून बसलो. घरपट्टी, ह्यांची मेडलं, माझी नोकरीची ऑर्डर, असं करत करत तळाला एक घडी घातलेला कागद निघाला. उघडला, तर कानडी.

माझं माहेर मिरजेच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीत. घरात मराठी, बाजारात कानडी. मला वाचता येतं. मुलीला येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्याकडं काय, सगळ्या मुलखात तीच रीत. सातव्या महिन्यात माझा भाऊ न्यायला आला, हे तेव्हा जम्मूला. अथणीच्या दवाखान्यात मुलगी झाली. तीन महिन्यांची घेऊन मी सासरी आले. त्यानंतर कुणी विचारलं, गाव कुठलं, तर रहिमतपूर. ती लहान असताना तिनंही तेच सांगितलं, मीही तेच. शाळेत नाव घातलं तेव्हा क्लार्कनं हा कागद उलटा सुलटा करून बघितला होता आणि म्हणाला होता, "हे काय मला वाचायला येत न्हाई, गावाचं नाव घालतो." घाल म्हटलं. घातलं त्यानं.

समितीच्या त्या खोलीत बाळंत झालेली एकटी मी होते हो! अकरा पुरुषांना बायका कुठं जाऊन बाळंत होतात याचा पत्ता नसतो, ते समजू शकते. पण मी? वेणा मी सोसल्या आणि कुठं सोसल्या ते मीच विसरले. माझे डोळे कपाळात गेले.

"आई, काय लिहिलंय त्यात?" मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, "अथणी."

ती म्हणाली, "मंग?"

मी कागदाची घडी घातली. तिलाच कळलं, आणि ती तिथंच ट्रंकेला टेकून बसली. हे संध्याकाळी आले, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मला वाटलं तुला ठावं असंल. मी जम्मूला पेढे वाटले की अथणीचा फोन आल्यावर." मग त्यांच्यावरही ओरडले मी. कुणावर तरी ओरडायला पाहिजेच होतं.

दुसऱ्या दिवशी सांगली गाठली. अध्यक्षांना म्हटलं, नियम चुकलाय, शाळेचा धरू या. ते आधी हसले, मग त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "म्याडम, नियम तुमीच केला की. छापून चारी संघांना गेला, त्यांनी त्याच्यावर पोरी उचलल्या. आता कसा बदलायचा?" माझा पडलेला चेहरा बघून त्यांना दया आली असावी. खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "आवं, एवढं काय मनाला लावून घेताय? एक प्रतिज्ञापत्र करा. पोरगी घरात जलमली, रहिमतपुरात, नोंद करायची राहिली. कोन बघतंय? तुमचं आपल्यावर उपकार हायत, तुमच्या पोरीला कोन अडवंल?"

मी 'नाही' म्हणाले असं वाटलं ना तुम्हाला? खोट्या कागदांवर गळा काढणारी बाई! मी तिथून उठले ती थेट स्टॅम्पवाल्याकडं गेले.

घरी येऊन स्वच्छ अक्षरात मजकूर लिहिला. माझी मुलगी रहिमतपूर येथे राहत्या घरी जन्मली. बाळंतपण कुणी केलं, हे लिहायला लागतं. सासूबाईंचं नाव घातलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झालीत, त्यामुळं विचारायला कुणी जाणार नव्हतं. बिचाऱ्या सासूबाई जिवंतपणी माझ्यासाठी एवढं कधी धावल्या नव्हत्या. सही तेवढी राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी तहसिलीत करायची होती. कागद टेबलावर ठेवून मी भाकरी करायला आत गेले.

बाहेर आले तर मुलगी तो वाचत होती.

"हा माझ्यासाठी?" म्हणाली.

"मग कुणासाठी?"

"तिच्यासाठी पण करतीस का?"

मी म्हटलं, "तिचा काय संबंध इथं? तिच्या आईबापानं बघावं. मी काय सगळ्या गावाचं घेऊन बसू?"

"तिचा संबंध न्हाई व्हय?" ती माझ्याकडं बघायला लागली. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. "सांगलीच्या कोच सरांना मी फोन केला होता. म्हटलं, सर, असा कसा नियम झाला? त्यांनी सांगितलं. शाळेचा नियम त्यांनी मांडला होता, तू मोडलास. कशासाठी मोडलास ते मी त्यांना विचारलं न्हाई. मला कळतं."

"तुझ्यासाठी मोडला!" मी ओरडले. "अकरा मिनिटं खेळलीस तू वर्षभरात, अकरा! तुझ्यासाठी नाही तर काय माझ्यासाठी?"

"मी तिच्यासमोर उभी राहून हरले असते," ती म्हणाली. "मला ते चाललं असतं."

मला नसतं चाललं. तेच तर होतं सगळं. माझ्या पोरीपेक्षा माझ्याच हाताखाली शिकलेली दुसरी सरस आहे, हे सगळ्यांसमोर दिसायला नको होतं मला. पण हे मी तेव्हा म्हणाले नाही. मी म्हणाले, "जेवायला बस." ती बसली नाही. तिनं साताऱ्याच्या कोचला माझ्यासमोरच फोन लावला आणि सांगितलं, माझा अर्ज धरू नका. कागद तिनं फाडला नाही, तसाच टेबलावर ठेवला. तिथंच पडून होता चार दिवस, शेवटी ह्यांनी उचलून चुलीत घातला.

मोसम सुरू झाला. साताऱ्याच्या गोलात जी स्थानिक मुलगी उभी राहिली तिची आई साताऱ्याची माहेरवाशीण, दिलेली गोव्याला. बाळंतपणाला साताऱ्याला आली, सव्वा महिन्यानं लेक घेऊन गेली. तेव्हापासून त्या पोरीनं साताऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. मूळ जन्मदाखला अगदी पक्का. माईकवाला ओरडत होता, "साताऱ्याची कन्या!" लोक टाळ्या वाजवत होते. मीही समितीची म्हणून पुढच्या खुर्चीत होते. सामना संपल्यावर ती पोर माझ्याजवळ आली, घामानं निथळलेली, गोड मुलगी, आणि हिंदीत विचारायला लागली, "आंटी, यहाँ अच्छा खाना कहाँ मिलता है?" मी तिला एक खाणावळ सांगितली. आणखी काय करणार?

चार गोल तिनं खाल्ले त्या दिवशी. त्यातले दोन तरी गुऱ्हाळावरच्या पोरीनं धरले असते. मी मोजत होते, सवय लागलीय ती.

माझी मुलगी पुण्याला गेली. एका शाळेत खेळ शिकवते, मुलींना आणि मुलांना. फोन करते, ह्यांच्याशी बोलते, मला विचारते तब्येत कशी आहे. बरी आहे म्हणते मी.

ती दुसरी मुलगी इथंच आहे. रहिमतपुरात कापडाच्या दुकानात कामाला. खेळ सुटला. कुठं उभी राहणार, आणि कोण तिला चेंडू मारणार? तिला कुणी काही सांगितलेलं नाही. माझ्या मुलीनंही नाही, याचं मला नवल वाटतं, आणि लाजही. तिला एवढंच ठाऊक आहे की बाई सांगलीला जाऊन आपल्या पोरींसाठी भांडल्या आणि तिथल्या मोठ्या माणसांनी काहीतरी वाकडा नियम करून ठेवला.

गेल्या संक्रांतीला आली. नवी साडी नेसून, हातात तिळगुळाचा डबा. माझी मुलगीही तेव्हा सुट्टीला आलेली, दारातच बसली होती. गुऱ्हाळावरची पोर माझ्या पाया पडली, आणि उठताना म्हणाली, "बाई, तुमी लय भांडलासा आमच्यासाठी. माझं आईबा बी कवा असं कोनाशी बोललं न्हाईत माझ्यासाठी. जागा न्हाई मिळाली ते जाऊ द्या. पन माझ्या बाजूनं कोनतरी बोललं, ह्येच मला पुष्कळ हाय."

मुलगी माझ्याकडं बघत होती. नुसती वाट बघत. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी आता सांगेन, असं तिला खरंच वाटत होतं, मला दिसत होतं ते. एक वाक्य होतं फक्त. ते म्हणाले असते तर ती पोर कदाचित डबा ठेवून निघून गेली असती, पण माझी मुलगी मला परत मिळाली असती.

मी तिळगूळ घेतला आणि म्हणाले, "अगं, माझं कर्तव्यच होतं ते."

मुलगी उठून आत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं पुण्याला परत गेली. यंदा संक्रांतीला आली नाही. ती पोर आली होती, तिळगूळ देऊन पाया पडून गेली.